उंटमामाचा न वापरलेला आवाज

“मास्तर, ह्यो मानूस उंट हुडकतोय, का उंट ह्येला हुडकतोय?” हरिबांनी विचारलं.

मी कागदाकडे पाहिलं. कागद मीच लिहिलेला होता, तरी उत्तर त्यात कुठेतरी सापडेल असं मला वाटलं.

“तो शोधतोय,” मी म्हणालो. “उंट हरवलाय त्याचा.”

“गडावर? उंट गडावर चढला कसा?”

“ते... ते सांगितलेलं नाही कुठे.”

“न्हाई तेच बरं. सांगितलं की हसू मरतं.” ते हसले आणि लगेच गळ्याला हात लावून थांबले. गळ्याभोवती पांढरा पंचा गुंडाळलेला होता. “वाचा पुढचं.”

मार्च महिना होता, सन दोन हजार पाच. पुण्यात एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर पल्लवी दामले नावाच्या मुलीनं संगणकावरचे खेळ करायची छोटी कंपनी काढली होती. ‘सात दरवाजांचा गड’ नावाचा खेळ शाळांसाठी तयार होत होता. मुलांनी एकेका दरवाजावर कोडं सोडवायचं आणि वर चढायचं. त्यातले संवाद मराठीत लिहायला तिला कुणीतरी हवं होतं आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. एकतीस वर्षं मी शब्दकोशाच्या छापखान्यात मुद्रितं तपासली होती. संगणकावरचा खेळ मी तोवर पाहिलाही नव्हता. नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हणणं मला कधी नीट जमलेलं नाही.

उंटमामा हे पात्र मी कसं लिहिलं, मला सांगता येणार नाही. खेळात त्याची गरज नव्हती. तो कोडं घालत नाही, किल्ली देत नाही. दुसऱ्या दरवाजाशी टाक्याच्या पायरीवर कासरा हातात धरून बसलेला असतो. पाचव्या दरवाजाशी बुरुजावर पालथा पडून एका रांजणात डोकावत असतो. शेवटी गडावर जत्रा भरते, तेव्हा गर्दीच्या मागून एकदा जातो आणि एकच वाक्य बोलतो. चौथ्यांदा त्याला उंट सापडतो असं मी लिहिलं होतं. पण उंटाची चाल चितारायला फार वेळ लागेल म्हणून पल्लवीनं तो प्रसंग गाळला. अर्धा उंट चितारून झाला होता. तोही तसाच आत राहिला. तिच्या कामाची ती रीत होती. गाळलेलं काढून टाकायचं नाही, कारण एक काढलं की पुढच्या सगळ्या चित्रांचे नि आवाजांचे क्रमांक सरकतात. ते आत राहू द्यायचं, फक्त खेळात बोलवायचं नाही.

उंटमामाच्या आवाजासाठी तिनं हरिबा बोरगावकरांना शोधून आणलं. बोरगावकर हे फडावरचं नाव. चाळीस वर्षं त्यांनी तमाशात सोंगाड्याचं काम केलं होतं. घशात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात त्यांची आवाजाची पेटीच काढणार होते. दोन वाजता भरती व्हायचं होतं. म्हणून उरलेलं सगळं त्या दिवशी दुपारच्या आत उरकायचं होतं, आणि पल्लवीला नेमकं मुंबईला जावं लागलं होतं. लाल बटण कधी दाबायचं, एवढं तिनं मला शिकवून ठेवलं.

“काका, घाबरू नका,” ती म्हणाली होती, “बिघडलं तरी काही फुटत नाही.”

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे भिंतींना गाद्या लावलेलं एक कोठार. पंखा लावला की त्याची घरघर उमटते, म्हणून तोही बंद. आम्ही दोघं घामानं निथळत होतो. हरिबांना सहीपुरतंच लिहिता-वाचता येत होतं; मी वाक्य वाचायचो आणि ते म्हणायचे.

“‘बाळा, माझा उंट पाहिलास का?’” मी वाचलं. “‘उंची साधारण नऊ फूट.’”

“साधारन?” हरिबांनी भुवया वर नेल्या. “मास्तर, उंट इकायचाय का?”

“मी मास्तर नाही हो.”

“चष्मा हाय म्हंजी मास्तरच. दाबा बटन.”

मी दाबलं. आणि त्या पंच्यातून कुणी वेगळाच माणूस बोलू लागला. “उंट बगितला का रं? न्हाई? आरं, वर नगं बगू, खिशात बग की!”

मला हसू फुटलं आणि ते त्यात उमटलं. आजही खेळात ते वाक्य संपता संपता कुणीतरी मागे खुदकन हसतं. तो मी आहे. माझ्या लेखनातलं एवढंच खरोखर चांगलं उतरलं असावं.

प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे, कोमट पाणी प्यायचे, आवाज जपायचे. मध्ये मी म्हणालो, “हरिबा, आणखी काही बोलून ठेवायचंय का? यंत्र आहेच समोर. घरच्यांसाठी वगैरे.”

“घरचं कोन? एक पोरगी हाय. ती येनार चारच्या गाडीनं, सोलापुरास्नं.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “नऊ वर्सांनी येतीय. दवाखान्यातल्या शिस्टरनं फोन लावून दिला मला. चार शब्द सांगायच्यात तिला. तेवढा आवाज राखून ठिवलाय.”

“मग तेच इथे बोलून ठेवा ना. नंतर...”

“न्हाई मास्तर. बतावनीत समोरच्याला आदी सांगत न्हाईत आपन काय बोलनार त्ये. तोंडातनं एकदा गेलं की शिळं झालं. तिच्या तोंडावरच बोलनार. एकदाच.”

मी आणखी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत आपण नाक खुपसू नये असं मला नेहमी वाटतं; त्याला सभ्यपणा म्हणावं की भित्रेपणा, हे या वयातही माझं ठरलेलं नाही.

साडेअकरापर्यंत वाक्यं संपली. मग पल्लवीनं दिलेला छापील तक्ता उरला. खेळातल्या प्रत्येक पात्रासाठी असा एकेक तक्ता होता. हाक, हसू, ठसका, दचकणं, जांभई. एकेक आवाज झाला की मी त्या रकान्यात बरोबरची खूण करत होतो. हरिबांची जांभई इतकी लांबली की मलाही आली. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं : मरण.

“आता शेवटचं,” मी म्हणालो. “मरतानाचा आवाज.”

“कोन मरतंय?”

“उंटमामा.”

“त्यो कवा मरतो? तुमी तर वाचलं न्हाई.”

“खेळात मरत नाही बहुतेक. पण तक्त्यात आहे.”

हरिबांनी पंचा सैल केला. “न्हाई जमायचं. सोंगाड्या मरत न्हाई मास्तर. आमच्या फडात राजा मरायचा, परधान मरायचा, सोंगाड्या कदी न्हाई. त्यो मेला तर मानसानं हसावं कुनाकडं बगून?”

“खरं आहे.”

“मग?”

मी तक्त्याकडे पाहत राहिलो. पाच खुणा झाल्या होत्या आणि एक चौकट रिकामी. एकतीस वर्षं मी रिकामी जागा दिसली की थांबत आलो होतो. पान असं पुढे पाठवायचंच नाही, हे अंगात भिनलेलं. शिवाय पल्लवी मोठ्या विश्वासानं काम सोपवून गेली होती. तिला फोन करून विचारता आलं असतं. तिचा नंबर भिंतीवरच लिहिलेला होता. पण ती मुंबईला महत्त्वाच्या बैठकीत असेल, आणि या म्हाताऱ्याला एवढंही कळत नाही असं तिला वाटेल, म्हणून मी केला नाही.

“हरिबा, एकदाच,” मी म्हणालो. “लहानसा केला तरी चालेल.”

त्यांनी पंचा पुन्हा घट्ट केला. मग म्हणाले, “एका घरात मेलोय मी. म्हनून दुसरीकडं कुटं मरायचं न्हाई म्हनत हुतो.”

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. आवाज जपायचा म्हणून अगदी हळू, तुकड्यातुकड्यानं. बायको लवकर गेली. इंदू मामाकडे वाढली, शिकली. मामानं चांगलं स्थळ आणलं. घरातले सगळे शाळेत मास्तर. तमाशातला बाप म्हटल्यावर जमेना.

“मग इंदूच म्हनली, बाप न्हाई म्हनून सांगा. मामा माज्याकडं आला, खाली मान घालून. म्या म्हनलं, सांग. लगीन लागलं तवा मी समोरच्या हाटेलात बसलो हुतो. आत अक्षता पडत्यात आन् मी च्या पितोय. चार कप पिलो. हाटेलवाला म्हनला, आजा, कुनाची वाट बगताय?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हनलं, उंटाची.” ते हसले नाहीत. “न्हाई, त्ये आत्ता सुचलं. तवा कायच बोललो न्हाई.”

मी तक्त्याचा कागद उगाच सरळ केला. त्यांनी ते पाहिलं.

“तुमचं काम अडतंय व्हय?”

मी नाही म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं. मी म्हणालो, “हो. थोडं अडतंय.”

“मग दाबा.”

पहिला आवाज त्यांनी काढला तो नाटकी होता, आणि तो मला नाटकी वाटला हे मी बोलून दाखवलं. दुसरा फार बारीक झाला. तिसऱ्यानंतर त्यांना ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. मी म्हणालो, “आता जवळ आलंय. फक्त थोडं खोटं वाटतं.” हे मी म्हणालो. ज्यानं आयुष्यात चारचौघांत कधी मोठ्यानं हाकही मारली नाही, तो मी.

चौथ्यांदा हरिबांनी डोळे मिटले. काय आठवून ते ओरडले मला माहीत नाही. गाद्या लावलेल्या भिंतींतूनही तो आवाज खालच्या मजल्यावर गेला, आणि तिथला रखवालदार जिना चढून धावत आला. तोवर आवाज थांबला होता. हरिबा खुर्चीतून कलंडले होते, त्यांच्या पंच्यावर रक्त होतं आणि छातीतून शिट्टीसारखा श्वास ओढला जात होता. लाल दिवा चालूच होता. आधी बटण बंद केलं मी, मग त्यांच्याकडे गेलो. कितीदा तरी मी हा क्रम मनात उलटा करून पाहिला आहे.

रिक्षातून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. श्वास कोंडत होता म्हणून डॉक्टरांनी लगेच गळ्याला छेद देऊन नळी बसवली. जीव वाचला. “सकाळचं ऑपरेशन आता पुढे ढकलावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “यांना ओरडायला सांगितलं कुणी?” मी काही बोललो नाही. रखवालदारानं माझ्याकडे पाहिलं आणि तोही बोलला नाही.

साडेचारला इंदू आली. तिशीची, साधी सुती साडी, हातात स्टीलचा डबा. वॉर्डाच्या दाराशी उभी राहून ती खाटा मोजल्यासारखी एकेक बघत होती. मी पुढे झालो.

“हरिबांच्या कन्या ना? मी आजगावकर. त्यांच्याबरोबर काम करतो.”

“बोलता येतं ना त्यांना? उद्या आहे ना ऑपरेशन? फोनवर म्हणाले, आज ये, आज बोलता येईल.”

“अचानक त्रास झाला दुपारी,” मी म्हणालो. कशानं, ते सांगितलं नाही.

ती खाटेजवळ गेली. हरिबांनी तिला पाहिलं. नऊ वर्षांत तिचा चेहरा किती बदलला असेल, पण त्यांचे डोळे लगेच भरले. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, स्पष्ट हलले, पण वारा नळीतून निघून गेला आणि आवाज आला तो नळीचा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग सिस्टरनं येऊन खांद्यावर हात ठेवला : “बाबा, नाही. रक्त येईल.”

“बाबा, काय?” इंदू वाकून म्हणाली. “हळू सांगा. मला कळत नाहीये.”

हरिबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात उचलला, माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग इंदूकडे. मला वाटलं, ते म्हणताहेत, तुम्ही सांगा. माझं बोलणं तुम्हीच लिहिता ना, आता बोला. कदाचित तसं नसेलही. कदाचित एवढंच म्हणत असतील, या माणसाला विचार माझा आवाज कुठं गेला. मी अनेकदा दोन्ही अर्थ लावून पाहिले आहेत.

“तुम्हाला माहीत आहे का काका?” इंदूनं विचारलं. “ते काय सांगणार होते?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगणं हाच खरेपणा होता. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती, आणि तेही पाहत होते, आणि पलीकडच्या खाटेवरचा माणूसही पाहत होता. मी घाईघाईनं वाक्य जुळवलं.

“सकाळी म्हणत होते,” मी म्हणालो, “की इंदूनं जे केलं ते बरोबरच केलं. तिनं मनाला लावून घेऊ नये.”

इंदूच्या हातातला डबा खाली पडला. ती मटकन खाटेच्या पायथ्याशी बसली आणि वडिलांच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली. सगळा वॉर्ड बघत होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

हरिबा तिसऱ्या दिवशी गेले. गाठीतून रक्तस्राव झाला. इंदू तोवर परत गेली होती. मैत्रिणीच्या लग्नाला जाते असं सांगून ती एका रात्रीसाठी आली होती. अंत्यविधी आम्ही चौघापाचांनी उरकला. पल्लवी होती, फडातले दोघे जुने साथीदार होते.

परतताना रिक्षात पल्लवी म्हणाली, “काका, तुमचा तक्ता पाहिला मी. मरणाचा रकाना का भरलात?”

“होता म्हणून.”

“अहो, तो रकाना खेळातल्या शिपायांसाठी, ते मरतात. सगळ्यांना एकच तक्ता छापला होता ना. उंटमामा मरतो कुठे?” मग तिनं माझं तोंड पाहिलं. उतरताना म्हणाली, “काढून टाकू का तो आवाज?” आणि स्वतःच म्हणाली, “नको. क्रमांक सरकतील.”

खेळ फारसा चालला नाही. काही शाळांनी घेतला. पल्लवीनं पुढे दुसरा व्यवसाय धरला. मी पुन्हा माझ्या पुस्तकांत गेलो आणि कुणाशी यातलं काही बोललो नाही.

चौदा वर्षांनी एका दुपारी फोन वाजला.

“आजगावकर काका का? मी इंदू. सोलापूरहून. तुम्हाला आठवत नसेल.”

“आठवतं,” मी म्हणालो.

तिचा मुलगा आता एकवीस वर्षांचा होता. लहानपणी त्याच्या शाळेत ‘सात दरवाजांचा गड’ होता आणि त्याला उंटमामाचं वेड होतं. घरात सगळ्यांना तो त्याची नक्कल करून दाखवायचा. आता त्यानं आणि दोघातिघा मित्रांनी मिळून उंटमामा कुठेकुठे दिसतो याची यादी करून संगणकावर घातली होती. तीन वापरलेले प्रसंग. आणि खेळाच्या आत पडून राहिलेले, न वापरलेले : अर्धा उंट, एक लांब जांभई, आणि एक ओरडणं.

“त्या ओरडण्यावर त्यांच्यात भांडणं चालतात,” ती म्हणाली. “याचं म्हणणं, उंट सापडतो तेव्हाची ती आनंदाची आरोळी. त्यानं मलाही ऐकवली.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रविवारी तो तुम्हाला फोन करणार आहे. तुमचं नाव नि नंबर मिळालाय त्याला. तुम्ही त्याला काही सांगू नका, काका. उंटमामा कोण होते ते. मी आवाजावरून तेव्हाच ओळखलं होतं. बोरगावकर नावावरून त्याला काही कळायचं नाही, माझं माहेरचं नाव वेगळं. घरात अजून कुणाला माहीत नाही.”

“इतक्या वर्षांत तुम्ही...”

“सांगणार होते. खरं सांगू का, दवाखान्यात आले तेव्हा ठरवूनच आले होते की घरी जाऊन सगळं सांगायचं. बाबा आहेत, तमाशात होते, काय करायचं ते करा. मुलाला घेऊन येणार होते त्यांच्याकडे. पण तुम्ही त्यांचा निरोप सांगितलात.” ती थांबली. “मी केलं ते बरोबरच केलं असं ते स्वतः म्हणाले, मग कशाला मोडायचं? त्यांच्याच शब्दावर राहिले मी. फोटोसुद्धा लावला नाही. कधीकधी पोरगा नक्कल करतो आणि मी स्वयंपाकघरात जाते. पण बाबांचा शब्द आहे म्हटलं की बरं वाटतं. तुमचे उपकार आहेत काका.”

मी म्हणालो की मी मुलाला काही सांगणार नाही. तिनं माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

रविवारी त्या मुलाचा फोन आला. आवाज चांगला भरदार आहे. त्यानं आरोळीबद्दल विचारलं, आणि मी म्हणालो, हो, उंट सापडतो तेव्हाचीच ती. तो फार खूश झाला.

त्या दिवशी वॉर्डात मी ते वाक्य बोललो आणि इंदू वडिलांच्या पायांवर वाकली. तिनं त्यांचा चेहरा पाहिला नाही. मी पाहिला. हरिबा माझ्याकडे बघत होते आणि उशीवरची मान हलवत होते, इकडून तिकडे, नळी हलेल म्हणून सावकाश. नाही. नाही. सिस्टरनं येऊन त्यांचं कपाळ धरेपर्यंत ते मान हलवत राहिले. मग मी व्हरांड्यात गेलो.